मान्यखेटची सभा आणि कल्याणची पंगत

गेल्या वर्षी कलबुर्गी येथे एका अशिलाने भाडेपट्ट्याचा मसुदा करून देण्याचे काम मजकडे सोपविले. पट्टा अकरा महिन्यांचा, नेहमीचाच. परंतु त्यात एक कलम आवर्जून घालावयाचे होते. भाडेकरूने, त्याच्या कुटुंबीयांनी अगर पाहुण्यांनी त्या जागेत मांस, मासळी वा अंडी शिजवू नयेत, आणूही नयेत. नियमभंग झाल्यास अनामत रक्कम जप्त व्हावी. होणारा भाडेकरू किनाऱ्याकडचा, बँकेत बदली होऊन आलेला, आपल्याच कोंकणी बोलणाऱ्यांपैकी. अशील मला म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही तर आता आमच्यातलेच. हे कलम तुम्हीच नीट लिहाल."

'आमच्यातले' या शब्दामागे थोडी हकीकत आहे. दोन वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या उजव्या पायाचा अंगठा एका रात्रीत भोपळ्यासारखा सुजला. वैद्यकात ज्याला वातरक्त म्हणतात तो हा विकार. डॉक्टरांनी सुंगटे, तारली आणि बांगडा यांना प्रथम मनाई केली. जिभेने काही महिने बंड केले, मग ती निवळली. आणि हळूहळू असे वाटू लागले की, जे प्रकृतीसाठी सोडले ते दुसऱ्या एका जिवासाठीही सोडता येण्यासारखे होते. मी सर्वच मांस-मासळी वर्ज्य केली. आमचे थोरले बंधू म्हणतात, "तुला आधी अंगठा दुखला, मग अहिंसा सुचली." हा आरोप मला मान्य आहे.

मसुदा आठ दिवस मेजावर पडून राहिला. शाकाहार मी स्वतः निवडला होता. तोच दुसऱ्यावर कलम म्हणून लादताना लेखणी अडत होती. या आठ दिवसांत जे वाचले आणि जे पाहून आलो, ते वाचकांपुढे ठेवतो. कारण हाच वाद, म्हणजे माणसाने शाकाहार का स्वीकारावा, प्रकृतीसाठी, धर्मासाठी की दयेसाठी, हा बीदर-कलबुर्गीच्या या मातीत हजार-अकराशे वर्षांपूर्वी मोठ्या तयारीने लढला गेला आहे.

कलबुर्गीहून सेडमकडे जाताना कागिणा नदीच्या काठी मळखेड हे गाव लागते. पडक्या किल्ल्याच्या भिंती, नेमिनाथाची जुनी बसदी, आणि उत्तरादि मठाच्या परंपरेप्रमाणे टीकाचार्य जयतीर्थांचे वृंदावन. यात्रेकरू येतात ते बहुधा या वृंदावनासाठी. हे मळखेड म्हणजेच राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. येथे अमोघवर्ष नृपतुंगाने इ. स. 814 ते 878 इतका दीर्घकाळ राज्य केले. कन्नड भाषेतील सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ 'कविराजमार्ग' त्याच्या दरबारातला. 'गणितसारसंग्रह' लिहिणारा महावीराचार्य त्याच्याच आश्रयाचा. आदिपुराणकार जिनसेन हे त्याचे गुरू. पण हा राजा एकाच देवघरात मावणारा नव्हता. संजाण येथील ताम्रपटात, शके 793 मध्ये कोरलेल्या, असे नमूद आहे की, लोकांवरील अरिष्ट टळावे म्हणून त्याने आपले बोट कापून महालक्ष्मीला वाहिले. जिनसेनांचा शिष्य आणि महालक्ष्मीचा भक्त, दोन्ही एकाच देहात. आजच्या आपल्या वादांना हे जरा अवघड जाते.

याच नृपतुंगाच्या सभेत उग्रादित्याचार्य नावाचा जैन वैद्य उभा राहिला. त्याचा 'कल्याणकारक' हा संस्कृत वैद्यकग्रंथ 1940 साली सोलापूरच्या सखाराम नेमचंद ग्रंथमालेने वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या हिंदी अनुवादासह छापला. म्हणजे ग्रंथ उजेडात आला तोही या सीमेच्या पलीकडच्याच गावातून. ग्रंथाला 'हिताहित' नावाचे एक प्रकरण जोडलेले आहे, आणि त्याच्या अखेरीस आचार्याने म्हटले आहे की, श्रीनृपतुंगवल्लभाच्या भरसभेत, अनेक नामांकित विद्वानांच्या देखत, मांसाहाराचा पुरस्कार करणाऱ्या वैद्यांसमोर आपण मांसाची निष्फलता सिद्ध केली.

वकिलाचे लक्ष 'निष्फलता' या शब्दावर खिळते. मांस पाप आहे, एवढे बसदीत सांगितले असते तर माना डोलल्या असत्या. श्रोते आधीच श्रावक होते. उग्रादित्य प्रतिपक्षाच्या न्यायालयात गेला आणि प्रतिपक्षाच्याच कायद्याने भांडला. वैद्यांचा कायदा एकच, गुण येतो की नाही. चरक-सुश्रुतांच्या संहितांत क्षयासारख्या झिजविणाऱ्या रोगांवर मांसरस सांगितला आहे, हे त्या सभेतील प्रत्येकाला पाठ असणार. त्यांच्यासमोर, या औषधाविना चालते, असे म्हणणे सोपे नव्हते. शिवाय त्याने केवळ भाषण केले नाही. आपल्या औषधयोजनेतून मद्य, मांस आणि मधु ही तिन्ही त्याने वगळली. मध वगळणे म्हणजे आयुर्वेदी वैद्याने आपला एक हात बांधून घेण्यासारखे आहे, कारण अर्ध्याअधिक चूर्णांचे अनुपान मधच. तरीही त्याने वनस्पतींवर सारा भार टाकून आठही अंगांचे वैद्यक उभे केले. जे इतरांना सोडावयास सांगितले ते स्वतःच्या धंद्यातही सोडले.

त्याचा दावा आज संपूर्ण टिकेल काय? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर नाही. मांसात पोषण आहे, मासळीत तर उत्तम आहे. ते निष्फळ म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2015 साली प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक आणि तांबडे मांस बहुधा कर्करोगकारक ठरविले. मासळीस त्या यादीत स्थान नाही. तेव्हा बांगड्याविरुद्ध वैद्यकाची साक्ष काढून आपल्या सारस्वत बांधवांस भिवविणे मला तरी जमणार नाही. पण दाव्याचा दुसरा भाग, की मांसाविना निरोगी राहता येते, तो चांगलाच टिकला आहे, आणि त्याचा पुरावा याच जिल्ह्याच्या ताटात आहे. जोंधळ्याच्या प्रथिनात लायसिन हे द्रव्य उणे असते, तुरीत ते भरपूर. तुरीत जे उणे ते जोंधळ्यात मिळते. भाकरी आणि वरण ही जोडी कोणा रसायनशास्त्र्याने जुळविलेली नाही, काळ्या जमिनीने आणि गृहिणींनी जुळविली. कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते उगीच नव्हे. बाजूला शेंगांची चटणी, अंबाडीची भाजी आणि करडईचे तेल असले की जेवण भरले. एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. ब-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. दूध-दह्यातून थोडे मिळते, आणि जो दूधही सोडील त्याने गोळीची लाज धरू नये.

मान्यखेट इ. स. 972 मध्ये माळव्याच्या सीयकाने लुटले. पुढे चालुक्यांचे राज्य आले, राजधानी कल्याण येथे गेली, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणास. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (1076 ते 1126) तेथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली. आम्हा वकिलांची मिताक्षरेशी जुनी ओळख, पण ती एकाच खोलीपुरती. कोलब्रुकने 1810 मध्ये तिच्यातील दायविभाग इंग्रजीत आणला, न्यायालयांनी तेवढाच वाचला, आणि 1956 च्या उत्तराधिकार कायद्यानंतर तोही बराचसा मिटला. आचाराध्यायाचे दार कोणी वकील क्वचितच उघडतो.

तेथे भक्ष्याभक्ष्याचे प्रकरण आहे. मत्स्यप्रिय वाचकांनी खुशाल उघडावे, द्विजांना चालणाऱ्या माशांची नावनिशी तेथे दिलेली आहे. मात्र त्याच प्रकरणाच्या अखेरीस असेही सांगितले आहे की, घरी राहूनही जो मांस वर्ज्य करतो तो मुनीच होय, त्याला अश्वमेधाचे फळ मिळते. म्हणजे परवानगी आहे, आणि परवानगी न वापरणाऱ्याचा सन्मानही आहे. आज्ञा नाही. कलम लिहिणाऱ्यास हा भेद महत्त्वाचा.

त्याहून अधिक लक्षणीय गोष्ट दायविभागात दडलेली आहे. थोरल्या भावास अधिक वाटा द्यावा, असे शास्त्रवचन आहे. विज्ञानेश्वर म्हणतो, वचन खरे, पण असा वाटा करू नये, कारण तो लोकविद्विष्ट झाला आहे, लोकांच्या मनाला तो खुपतो. यासाठी त्याने दृष्टांत दिला आहे तो अन्नाचा. श्रोत्रिय पाहुणा आला तर मोठा बैल वा मोठा बोकड त्याच्यासाठी सिद्ध करावा, हेही शास्त्रातच आहे. परंतु आता कोणी तसे करीत नाही, कारण लोकांस ते सहन होत नाही. भावाभावांच्या वाटणीचा कायदा समजावून देण्यासाठी त्याला जेवणातील पालट हाताशी सापडला, इतका तो पालट तोवर सर्वमान्य झाला होता. शास्त्रापेक्षा लोकांची सदसद्विवेकबुद्धी पुढे गेली तर शास्त्राने मागे सरावे, हे बीदर जिल्ह्यात बसून एका सनातन टीकाकाराने लिहून ठेवले आहे. अर्थात ही तलवार दुधारी आहे. लोकांच्या तिटकाऱ्याला कायद्याचे बळ दिले की काय होते, हे समुद्रयात्रेच्या वादाच्या आठवणी ज्या घरांत आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको.

आणि लोकांस सहन होत नव्हते म्हणजे कोणास? विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने इ. स. 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. त्यातील अन्नभोग वाचावा. इडली-डोशांचे पूर्वज तेथे आहेत, वडे आहेत, पुऱ्या आहेत; त्यांच्याच शेजारी भाजलेले रानडुक्कर, कासव, खेकडे आणि तेलात तळलेले शेतातले उंदीरही आहेत. 'मत्स्यविनोद' या भागात गळाने मासे धरण्याची कला आणि कोणत्या माशास कोणते आमिष, हे राजाने स्वतः वर्णिले आहे. ज्या नगरात मिताक्षरा लिहिली गेली त्याच नगरातील राजवाड्याची ही मुदपाकखाना-वही. आपले पूर्वज सर्वच कंदमुळे खाऊन राहात, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी ती एकदा चाळावी.

त्याच कल्याणात पुढे पंचवीस-तीस वर्षांनी बसवेश्वर आले, बिज्जळाचे भांडारी म्हणून. यज्ञातील आणि जत्रेतील पशुबळी त्यांनी नाकारला, आणि दयेविना धर्म उभाच राहत नाही असे बजाविले. बळीसाठी आणलेले कोकरू तोरणाचा कोवळा पाला निर्धास्तपणे खात उभे आहे, हे त्यांच्या एका वचनातील चित्र ज्याने वाचले त्याला जत्रेत जाताना ते आठवल्यावाचून राहत नाही. उग्रादित्याने वैद्यांना पटविले, विज्ञानेश्वराने लोकमताचा दाखला दिला. बसवेश्वरांनी फक्त त्या कोकराकडे बोट दाखविले.

शरणांच्या मेळ्यात कोण होते, हे विसरून चालत नाही. हरळय्या चर्मकार, ढोर कक्कय्या, मादार चन्नय्या. जन्माने शाकाहारी म्हणवील असा यांत कोण होता? त्यांनी व्रत घेतले म्हणून ते शरण झाले. आणि परंपरा सांगते की, हरळय्याचा पुत्र आणि ब्राह्मण मधुवरसाची कन्या यांचा विवाह झाला तेव्हा दोन्ही पित्यांना देहान्त शासन झाले, आणि कल्याण पेटले. या भूमीत शुद्ध आहाराचा सर्वांत मोठा पुरस्कार ज्या मेळ्याने केला, तो मेळा पंगती मोडण्यासाठी नव्हे, एक करण्यासाठी झगडत होता. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांच्या दासोहात आजही हीच रीत आहे; ताटात शाकान्न, आणि जेवणाऱ्यास जात विचारीत नाहीत. भालकी, औरादकडच्या मराठी गावांतून पंढरीस जाणारा वारकरीही गळ्यात माळ घालतो ती स्वतःच्या इच्छेने. शेजाऱ्याच्या चुलीवर तो पहारा ठेवीत नाही.

आपल्या कोंकणीत निरामिष जेवणाला 'शिवराक' म्हणतात. हा शब्द जैनांच्या 'श्रावक' या शब्दापासून आला, असे म्हणणारे आहेत, आणि मला ती व्युत्पत्ती आवडते. मान्यखेटच्या सभेचा एक शब्द घाट उतरून आपल्या स्वयंपाकघरात सोमवारपुरता राहिला आहे, असे वाटते. मध्वाचार्यांनी यज्ञात पिठाचा पशू सुचविला, त्यांच्या परंपरेतील मठाचे आपल्यापैकी कित्येक शिष्य. तरी मंगळवारी सकाळी मासळीबाजाराची पिशवी काढतात. याला कोणी ढोंग म्हणेल. मला त्यात एक जुना समझोता दिसतो, देवासमोर एक ताट आणि घरात दुसरे, आणि मधली वाट ज्याची त्याने चालावयाची.

नवव्या दिवशी अशिलास बोलावून मी सांगितले की, जागा स्वच्छ ठेवावी, घाण व दुर्गंधी होऊ देऊ नये, असे कलम मी हवे तितके कडक करून देतो; चुलीवर काय शिजावे याचे कलम माझ्या हातून होणार नाही. ते रागावले नाहीत, चकित झाले. "तुम्ही स्वतः खात नाही ना?" त्यांनी पुन्हा विचारले. नाही, मी म्हटले. त्यांनी कागद गोळा केले आणि मसुदा दुसऱ्या वकिलाकडून करून घेतला.

बँकेतल्या त्या गृहस्थांनी शहराच्या दुसऱ्या टोकास घर घेतले. अधूनमधून मला जेवावयास बोलावतात, आणि न चुकता सोमवारी बोलावतात, कारण त्या दिवशी त्यांच्याकडे शिवराकच असते.