जपानमधलं 'ओन्सेन' म्हणजे नक्की काय? पाण्यात उतरण्याआधी हे नियम वाचा

जपानची सहल ठरली की टोकियो, क्योतो आणि फुजी पर्वतासोबत यादीत 'ओन्सेन' हे नावही येतं. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचा झरा आणि त्यावरचं स्नानगृह. आजूबाजूला बर्फ आणि मध्ये वाफाळतं कुंड, असे रील तुम्हीही पाहिले असतील. पण तिथे अंगावर एकही कपडा न ठेवता, अनोळखी लोकांसोबत पाण्यात उतरायचं असतं, हे रीलमध्ये सहसा दिसत नाही. हे कळल्यावर दारातूनच परत फिरावंसं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणूनच नियम आणि त्यामागची कारणं आधी समजून घेतलेली बरी.

ओन्सेन कशाला म्हणतात?

जपानमध्ये 111 सक्रिय ज्वालामुखी आहेत. जमिनीखालच्या या उष्णतेमुळे देशभर गरम झरे आढळतात. कोणत्या पाण्याला ओन्सेन म्हणायचं, हे 1948 च्या कायद्याने ठरवलं आहे. जमिनीतून बाहेर येताना पाणी किमान 25 अंश सेल्सिअस असावं, किंवा ठरवून दिलेल्या 19 घटकांपैकी एक तरी घटक त्यात पुरेशा प्रमाणात असावा. साधं पाणी तापवून चालवलेल्या सार्वजनिक स्नानगृहाला 'सेंतो' म्हणतात.

कुसात्सु, बेप्पू, किनोसाकी ही नावाजलेली ओन्सेन गावं. मात्सुयामा शहरातल्या दोगो ओन्सेनची मुख्य लाकडी इमारत 1894 सालची आहे.

कपडे का चालत नाहीत?

कुंडातलं पाणी सगळ्यांचं असतं. कपड्यांसोबत साबणाचा अंश, मळ आणि रंग पाण्यात जातो. म्हणून स्विमिंग कॉस्च्युमही चालत नाही. स्त्री-पुरुषांचे विभाग बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. दारावरचा कापडी पडदा पुरुषांसाठी सहसा निळा, तर स्त्रियांसाठी लाल असतो. काही ठिकाणी हे विभाग सकाळ-संध्याकाळ आलटून पालटून दिले जातात. त्यामुळे काल गेलात तेच दार आजही तुमचं असेल असं नाही. पडदा दर वेळी पाहा.

आंघोळीचा क्रम कसा असतो?

1. बूट-चपला बाहेर काढा. कपडे टोपलीत किंवा लॉकरमध्ये ठेवा. मोबाइलही तिथेच ठेवा, कारण आत फोटो काढायला सक्त मनाई असते.
2. छोटा टॉवेल घेऊन आत जा. नळासमोरच्या बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करा. शेजाऱ्यावर पाणी उडू देऊ नका.
3. अंगावरचा सगळा फेस धुतल्यावरच कुंडात हळूहळू उतरा. इथे अंग चोळायचं नाही, पोहायचं नाही आणि डोकंही बुडवायचं नाही. लांब केस वर बांधा.
4. छोटा टॉवेल कुंडात बुडवू नका. तो डोक्यावर किंवा काठावर ठेवा.
5. कपडे बदलायच्या खोलीत जाण्याआधी अंग पुसून घ्या, म्हणजे तिथली जमीन ओली होणार नाही.

थोडक्यात, कुंड हे मळ काढायला नसतं, शेकत निवांत बसायला असतं.

टॅटू असेल तर?

जपानमध्ये टॅटूचा संबंध याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला जातो. सरकारी पर्यटन संस्थेच्या 2015 च्या पाहणीत सुमारे 56 टक्के ठिकाणी टॅटू असलेल्यांना प्रवेश नव्हता. 2013 साली होक्काइदोमध्ये चेहऱ्यावर पारंपरिक गोंदण असलेल्या एका माओरी महिलेला प्रवेश नाकारला गेला आणि त्यावर बरीच टीका झाली. काही ठिकाणी आता टॅटू चालतो, तर काही ठिकाणी तो पट्टीने झाकावा लागतो. बुकिंग करण्याआधीच विचारून घ्या. हातावरच्या गोंदणाबद्दलही विचारायला विसरू नका.

तब्येत आणि दागिने

पाणी साधारण 40 ते 42 अंश असतं. पहिल्या वेळी पाच-दहा मिनिटं पुरेत. दारू पिऊन किंवा भरल्या पोटी उतरू नका. बाहेर येताना झटकन उठलात तर चक्कर येऊ शकते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा. गंधकयुक्त पाण्यात चांदी काळी पडते, म्हणून पैंजण आणि जोडवी आधीच काढून ठेवा.

संकोच वाटतोच आहे?

मग 'काशिकिरी' म्हणजे तासाभरासाठी भाड्याने मिळणारं खासगी कुंड घ्या. जोडप्यांना आणि लहान मुलं असलेल्या कुटुंबांनाही ते सोयीचं पडतं. पाळीच्या दिवसांत सामाईक कुंड टाळण्याची पद्धत आहे. अनेक ओन्सेन गावांत रस्त्याकडेला 'आशियू' असतं. तिथे कपडे काढायची गरज नसते, फक्त पाय पाण्यात सोडून बसायचं.

मुक्कामाच्या ठिकाणी 'युकाता' हा सुती झगा मिळाला, तर त्याची डावी बाजू उजवीवर येईल असा घाला. उलटा युकाता मृतदेहाला नेसवतात.