लाखेचा रंग

लाखेच्या किड्यापासून मिळणारा तांबडा नैसर्गिक रंग. हा कीटक (केरिया लॅका) पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वस्ती करतो. जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचे पिल्लू सालीत सोंड खुपसून बसते. मादी पुढे जन्मभर ती जागा सोडत नाही. अंगाभोवती ती राळेचे कवच चढवत जाते. हे कवच म्हणजे लाख. रंग मात्र मुख्यतः मादीच्या शरीरात असतो आणि लॅकेइक आम्ल हे त्याचे प्रमुख द्रव्य आहे. ते घडवण्यात किड्याच्या अंगात राहणाऱ्या यीस्टसारख्या सहजीवी बुरशीचा हात असल्याचे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवले.

खरवडलेली लाख कुटून पाण्यात धुतली, की पाणी लालभडक होते. रंगाचे प्रमाण कच्च्या लाखेच्या सुमारे 1 टक्का. पिल्ले बाहेर पडण्याआधी तोडलेल्या ‘अरी’ लाखेत ते जास्त भरते. लोकर आणि रेशीम यांवर हा रंग उत्तम चढतो. तुरटीबरोबर किरमिजी, कथिलाच्या क्षाराबरोबर शेंदरी लाल आणि लोहाबरोबर काळपट जांभळा होतो. पारंपरिक अळताही लाखेचाच.

सुतावर तो तितका धरत नाही. त्यामुळे कापसाच्या वऱ्हाडात लाल कापडासाठी आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांना महत्त्व होते. वऱ्हाडातल्या नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्यात धुऱ्यांवर पळस-बोरी आहेत, म्हणजे लाखेच्या किड्याला घर आहे. पण मे महिन्याची होरपळ पळसावरच्या ‘रंगिनी’ प्रकारच्या किड्याला फार मारते. महाराष्ट्रातील लाखेचे उत्पादन मुख्यतः गोंदिया, भंडारा, गडचिरोली या पूर्वेकडील वनप्रदेशात आहे.

अमेरिकेतील निवडुंगावरच्या कोचिनिअल किड्याचा रंग हा याचा प्रतिस्पर्धी. भारतात तो उद्योग उभारण्यासाठी 1795 मध्ये ब्राझीलहून किडे आणले गेले. ते हलक्या जातीचे निघाले. रंग बेताचाच मिळाला, पण निवडुंगाची एक जात त्यांनी पार खाऊन टाकली. इंग्लंडने मात्र ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात कोचिनिअलला स्वस्त पर्याय म्हणून भारतातून लाखेचा रंग नेला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आले आणि हा व्यापार बसला. राळ महत्त्वाची ठरली, रंग मागे पडला. धुण्याचे लाल पाणी बहुतेक ठिकाणी सांडपाण्यात सोडले जाऊ लागले. हा अपव्यय थांबायला हवा, कारण त्या पाण्यातून रंग वेगळा काढण्याची पद्धत रांचीजवळच्या नामकुम येथील लाख संशोधन संस्थेने (स्थापना 1924) बसवलेली आहे.