माघी पुनवेची जत्रा आणि आपण रायपूरकर

आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांची मुले आता जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया अशा दूरच्या देशांत नोकरी-व्यवसायानिमित्त राहतात. थंडीच्या सुटीत ती आई-वडिलांना तिकडे बोलावून घेतात, आणि परतलेली मंडळी न्यूरेम्बर्ग, ड्रेस्डेन, स्ट्रासबुर्ग येथील नाताळच्या बाजारांचे वर्णन करताना थकत नाहीत. लाकडी पडव्यांच्या ओळी, मसाल्याच्या गोड भाकरीचा वास, हाताने कोरलेली खेळणी, वाफाळलेली पेये आणि बर्फात हिंडणारी मुलेबाळे! हे सारे ऐकून आम्हांस आनंद होतो. मात्र ‘अशी जुनी परंपरा आपल्याकडे कुठे राहिली?’ असा जो प्रश्न या वर्णनाच्या शेवटी बहुधा येतो, त्याचे उत्तर रायपूरपासून अवघ्या पंचेचाळीस किलोमीटरांवर दरवर्षी मांडलेले असते. ते पाहण्यास आपल्यापैकी किती जण जातात, हा निराळा प्रश्न.

प्रथम त्या दूरच्या बाजारांविषयी थोडे. ड्रेस्डेनच्या बाजाराचा उल्लेख इ. स. 1434 मध्ये सापडतो. तेथील इलेक्टरने (सॅक्सनीच्या राज्यकर्त्याने) नाताळच्या आधी एक दिवस बाजार भरविण्याची परवानगी दिली, आणि त्या दिवशी मुख्यत्वे विकले जाई ते मांस, कारण उपवासाचे दिवस संपून सणाचे जेवण व्हायचे असे. आज त्या बाजाराला ज्या गोड पावाचे नाव चिकटले आहे तो पुढे आला. स्ट्रासबुर्ग येथे आधी 6 डिसेंबरचा संत निकोलसचा बाजार होता. धर्मसुधारणेच्या लाटेत संतांची पूजा नकोशी झाली, तेव्हा 1570 मध्ये नगरसभेने तो मोडून बाळ येशूच्या नावाने नवा बाजार सुरू केला. गिऱ्हाईक तेच, दुकानदार तेच, देव तेवढा बदलला! न्यूरेम्बर्गच्या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे 1628 सालची एक लाकडी डबी; तीवर ती या बाजारातून भेट म्हणून आल्याची नोंद आहे. याच बाजाराला 1933 मध्ये नात्झी सत्तेने शहराच्या मुख्य चौकात आणून आपल्या प्रचाराचे साधन केले. युद्धात तो बंद पडला, शहर बेचिराख झाले, आणि 1948 मध्ये ढिगाऱ्यांच्या शेजारी तो पुन्हा उभा राहिला. तेव्हा जी परंपरा आपण ‘जशीच्या तशी’ म्हणून पाहून येतो, तिला राज्यकर्त्यांचा हात अनेकदा लागलेला आहे. हे लक्षात ठेवून आता घराकडे वळू.

महाराष्ट्रातील बहुतेक गावजत्रा चैत्र-वैशाखात भरतात. छत्तीसगढचे चक्र निराळे. हा भाताचा मुलूख. कार्तिक-मार्गशीर्षात भात कापून खळ्यावर येते, पौषात कोठारे भरतात, आणि मग शेतकऱ्याच्या हाती वर्षातून एकदाच सवड व थोडा पैसा असे दोन्ही एकत्र येतात. म्हणून दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत इकडे गावोगाव ‘मडई’ भरते. प्रत्येक गावाचा बाजाराचा वार ठरलेला. त्या वारी एकदा नेहमीच्या हाटाचीच मडई होते. राऊत मंडळी कवड्यांनी सजून, काठ्या परजत नाचत येतात. पौषी पौर्णिमेला ‘छेरछेरा’ असतो. त्या दिवशी मुले दारोदार जाऊन नव्या धान्याचे दान मागतात आणि कोणीही त्यांना रिकाम्या हाताने परतवीत नाही. युरोपात नाताळच्या सुमारास गाणी म्हणत घरोघर फिरणाऱ्या मुलांचे कौतुक करणाऱ्यांनी आपल्या दारातील छेरछेऱ्याची मुले आठवून पाहावीत.

रायपूरच्या वेशीवरील पहिली मोठी जत्रा म्हणजे खारून नदीकाठी महादेव घाटावर भरणारी कार्तिकी पुन्नी. ‘पुन्नी’ म्हणजे आपली पुनव. तेथील हाटकेश्वराचे मंदिर राजा ब्रह्मदेवाच्या काळात, 1402 मध्ये, हाजिराज नायक याने बांधल्याचे शिलालेख सांगतो. परंतु सर्व जत्रांचा मुकुटमणी राजिम.

राजिमला महानदी, पैरी व सोंढूर या नद्यांचा संगम होतो. माघात पाणी ओसरते आणि विस्तीर्ण वाळू उघडी पडते. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत पंधरा दिवस या वाळूवरच गाव वसते. पात्राच्या मध्यभागी अष्टकोनी उंच जोत्यावर कुलेश्वर महादेव उभा आहे. पावसाळ्यात त्याला चारी बाजूंनी पुराचा वेढा पडतो, आणि माघात त्याच्या पायथ्याशी बांगड्यांची दुकाने लागतात. काठावर राजीवलोचनाचे, म्हणजे विष्णूचे, प्राचीन मंदिर आहे. नलवंशी विलासतुंगाचा सुमारे आठव्या शतकातील शिलालेख त्याच्या मंडपात आहे आणि तेथेच कलचुरींचा मांडलिक जगपाल याचा 1145 मधील दुसरा लेख आहे. विद्वानांचे हे लेख एका बाजूला. लोकांच्या तोंडी मात्र राजिम नावाच्या तेलिणीची कथा आहे. तिला नदीत एक काळा पाषाण सापडला, तो घरी आणताच तिचे तेलाचे भांडे रिते होईना, आणि देवाने राजाच्या मंदिरात जातानाही तिचे नाव सोडले नाही. तेली समाज आजही तिला माता मानतो. देवस्थानाला राजाचे नव्हे, तेल विकणाऱ्या एका स्त्रीचे नाव मिळाले, असे लोक मानतात ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. बाजाराची जत्रा आहे, तर नाव बाजारातल्या बाईचेच शोभते.

आता आपला, म्हणजे मराठी माणसांचा, या जत्रेशी संबंध काय? येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. स्मरणिकांतून आपण बहुधा एवढेच लिहितो की 1741 मध्ये भास्करराम कोल्हटकर नागपूरकर भोसल्यांचे सैन्य घेऊन रतनपुरावर आले, 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून राज्य केले, रामटेकडीचे मंदिर बांधले, दसऱ्याला सोने लुटण्याची चाल इकडे आणली. हे सर्व खरे आहे व त्याचा अभिमानही रास्त आहे. परंतु बिंबाजींनंतर सुभेदारांचा अंमल आला, मुलखाचे परगणे पाडले गेले, परगण्यावर कमाविसदार बसला. आणि त्या वेळच्या जत्रेतला मराठी माणूस हा पुष्कळदा गिऱ्हाईक नव्हे, यात्रेकरूही नव्हे, तर वसुली करणारा होता. मालाच्या ने-आणीवर ‘सायर’, शेती न करणाऱ्या कारागिरावर व दुकानदारावर ‘पंढरी’, दारूवर ‘कलाली’. लमाण बैलांच्या पाठीवर मीठ घेऊन येत व धान्य घेऊन जात, त्यांनाही नाक्यांवर थांबावे लागे. ‘पंढरी’ हा शब्द आपल्या कानांस किती गोड लागतो! छत्तीसगढच्या कोष्ट्याला, कासाराला तो तसा लागत नसावा. 1818 नंतर इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने राजधानी रतनपूरहून रायपूरला आणली, मध्यंतरी काही वर्षे भोसल्यांचा कारभार परत आला, आणि 1854 मध्ये नागपूरबरोबर हा मुलूखही इंग्रजांनी खालसा केला.

सत्ता गेली आणि आपण मात्र राहिलो. रायपुरातील तात्यापारा हे नावच त्याची साक्ष आहे. मागाहून रेल्वे, न्यायालये, शाळा यांच्या नोकऱ्यांनिमित्त आणखी कुटुंबे आली. पंडित माधवराव सप्रे यांच्यासारखा मराठी घरात वाढलेला माणूस 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढतो, त्याच पत्रात पुढल्या वर्षी टोपलीभर मातीसाठी आलेल्या एका गरीब विधवेची गोष्ट लिहितो, आणि पुढे लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणतो. हाच तो काळ, जेव्हा रायपूर-धमतरी हा छोट्या रुळांचा लोहमार्ग सुरू झाला व अभनपूरहून त्याची एक शाखा राजिमला गेली. वसुलीचा नाका जाऊन तिकिटाची खिडकी आली. जत्रेला जाणारा मराठी कारकून आणि त्याच्या शेजारी बसलेला कुर्मी शेतकरी यांचे भाडे आता सारखेच होते.

त्या छोट्या गाडीने राजिमला गेलेली पिढी आपल्यात अजून आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायकांनी तेथून काय आणले, हे घराच्या माळ्यावर चढून पाहावे. कंडऱ्यांच्या हातची बांबूची सुपे आणि टुकने, काशाची जड ताटे, क्वचित कोशाचे लुगडे. सूप इकडे ‘सूपा’ होते, एवढाच काय तो फरक. जत्रेत सुतिया, ऐंठी अशा दागिन्यांची दुकाने असत. आपल्या बायका ते हातात घेऊन पाहत, किंमत विचारीत, आणि ठेवून देत. देवार बायका गोंदायला बसत. मुलांसाठी फिरता पाळणा आणि गुळाच्या पाकातल्या लाह्यांचा ‘उखरा’. न्यूरेम्बर्गची मसालेभाकरी आणि राजिमचा उखरा यांचे नाते सरळ आहे : दोन्ही पदार्थ दिवसेंदिवस टिकतात, आणि म्हणूनच गर्दीतून घरी नेण्याच्या कामाचे. हौशे, नवशे आणि गवशे अशी जत्रेकरूंची आपण केलेली वाटणी ड्रेस्डेनलाही लागू पडेल. तेथे नवशे तेवढे थोडे कमी असावेत.

1956 मध्ये राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले, आणि आपली सोयरीक एका राज्यात व संसार दुसऱ्या राज्यात अशी स्थिती झाली. आपल्या मुलांच्या सुट्या हळूहळू पुण्या-मुंबईकडे, आणि आता त्याहून पलीकडे वळल्या. 2000 मध्ये छत्तीसगढ राज्य झाले, त्याची राजधानी रायपूर झाली, पण राजिमची वाट आपल्या घरांतून विरळच होत गेली. छोट्या रुळांची ती गाडीही आता उरली नाही. त्या वाटेवर मोठे रूळ आले आहेत.

इकडे जत्रेलाही राज्यकर्त्यांचा हात लागला. 2005 पासून शासनाने तिला ‘राजिम कुंभ’ म्हणण्यास प्रारंभ केला. साधूंचे आखाडे, शाही स्नान, मोठाले मंडप आले. 2019 मध्ये सरकार बदलल्यावर ती पुन्हा ‘पुन्नी मेळा’ झाली आणि 2024 मध्ये ‘राजिम कुंभ कल्प’. आमचे मत विचाराल तर पुन्नी हेच नाव बरे. कुंभ अन्यत्र पुष्कळ आहेत, पण खळ्यावरचे धान्य विकून आलेल्या माणसाची पुनव ही इथलीच आहे. शिवाय व्यासपीठ जितके उंच होते, तितकी सुपे विकणारी बाई मागे सरकते. तरी बाजार टिकला आहे. तिन्ही नावांखाली वाळूवर दुकाने लागलीच.

राहता राहिला नाताळ. 1868 मध्ये ऑस्कर लोर हे जर्मन मिशनरी रायपुरास आले आणि त्यांनी उत्तरेकडे बिश्रामपूर वसविले. ज्या मुलखातून नाताळचे बाजार आले, त्याच मुलखातला हा माणूस. परंतु त्याच्या मागून वाढलेल्या छत्तीसगढी ख्रिस्ती समाजाने लाकडी पडव्यांचा बाजार उचलला नाही. शिवनाथ नदीतील मदकू बेटाशेजारच्या घाटावर 1909 पासून त्यांचा मसीही मेळा भरतो, आणि तोही डिसेंबरात नव्हे, तर भात घरात आल्यावर, फेब्रुवारीत, नदीकाठी झोपड्या घालून.