गळवाचं बिऱ्हाड

एखादं गळू आलं तर कुणी फारसं मनावर घेत नाही. काखेत किंवा मांडीवर ठणका लागतो, चार-सहा दिवसांत गळू पिकतं, आपोआप फुटतं किंवा डॉक्टर चीर देतात, आणि पू निघून गेला की माणसाला सुखाची झोप लागते. महिन्याभराने दुसरं आणि मग तिसरं आलं, की घरात आंब्याला, उष्णतेला, बिघडलेल्या रक्ताला बोल लावला जातो. दवाखान्यातही तेव्हा पुढ्यात आलेल्या गळवापुरतीच चिठ्ठी लिहिली जाते. या दुखण्याचा इतिहास पाहिला तर ही सवय किती जुनी आहे ते कळतं. गळू बरं करण्यात वैद्यक केव्हाच तरबेज झालं, पण ते जिथून परत येतं त्या बिऱ्हाडाकडे फार उशिरा वळलं.

गळू हाताळण्याची विद्या प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. कच्चं असताना कापणारा आणि पिकल्यावरही हात न लावणारा, अशा दोन्ही वैद्यांना तिथे सारखाच दोष दिला आहे. आजही पुवाने भरलेल्या गळवाला चीर देणं हाच मुख्य उपचार आहे, इतकं ते निरीक्षण पक्कं होतं. कारण मात्र १८८० साली हाती लागलं. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांना ठणकणाऱ्या, लाल गळवांच्या पुवात सूक्ष्मदर्शकाखाली गोल जंतूंचे पुंजके दिसले. जुनाट, थंड गळवांत ते नव्हते. द्राक्षाच्या घडासारख्या या जंतूंना त्यांनी पुढे ‘स्टॅफिलोकोकस’ हे नाव दिलं. १८८५ मध्ये कार्ल गारे यांनी प्रयोगशाळेत वाढवलेले हेच जंतू स्वतःच्या धडधाकट हातावर चोळले. तिथे काळपुळी उठली आणि तिच्याभोवती गळवं आली. गळू होण्यासाठी आधी रक्त बिघडावं लागत नाही, हे त्यांनी स्वतःच्या कातडीवर सिद्ध केलं.

जंतू सापडला, पण गळवं परत येतच राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात आल्मरोथ राइट हे रोग्याच्याच जंतूंपासून लस बनवून त्यालाच टोचत. ही पद्धत गाजली खरी, पण गळवं मधूनच आपसूक थांबतात आणि पुन्हा सुरू होतात. त्यामुळे गुण लशीचा की काळाचा, हे ठरवणं अवघड होतं. राइट यांच्याच विभागात अलेक्झांडर फ्लेमिंग काम करत. १९२८ साली त्यांच्या ज्या बशीवर बुरशी पडली आणि पेनिसिलिनचा शोध लागला, त्या बशीत वाढत होता तो हाच जंतू. पुढे पेनिसिलिन इतकं मोलाचं ठरलं, की स्वतंत्र भारताने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीत त्यासाठी सरकारी कंपनी उभारली. पण पेनिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकोकस १९४०च्या दशकातच दिसू लागले होते. त्यांच्यासाठी मेथिसिलिन आलं, तर १९६१ मध्ये त्यालाही न जुमानणाऱ्या जंतूंची नोंद इंग्लंडमध्ये झाली. शिवाय औषध लागू पडलं तरी ते त्या वेळचं गळू बरं करतं. पुढचं येणारच नाही, याची हमी त्यात नसते.

गळवं परत का येतात, याचं उत्तर नाकात होतं. वारंवार गळवं होणाऱ्यांच्या नाकपुड्यांत बहुधा हाच जंतू मुक्काम करून असतो, हे १९३०च्या दशकात नॉर्वेत दिसून आलं. नाकातून तो बोटांवर येतो, बोटांवरून काखेत, मांडीवर, दाढी करताना कापलेल्या गालावर जातो. यावर आक्षेप येईल की धडधाकट माणसांतही दर तीन-चार जणांमागे एकाच्या नाकात हा जंतू सापडतो, त्या सगळ्यांना कुठे गळवं होतात? खरं आहे. नुसता जंतू पुरत नाही. खरचटलेली कातडी, घाम, घर्षण, कधी मधुमेह यांची जोड लागते, म्हणून साखर तपासायलाच हवी. पण साखर ठीक निघाली म्हणून चौकशी थांबवणं चूक आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नाकात मलम लावून जंतू घालवला तरी काही महिन्यांत तो परततो. पण परततो कुठून? अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये गळवं झालेल्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. फक्त रोगी मुलावर उपचार झाले तिथे वर्षभरात ७२ टक्के मुलांना पुन्हा त्रास झाला. घरातल्या सर्वांवर झाले तिथे ५२ टक्के मुलांना. निम्म्यांना त्रास झालाच, म्हणजे हा रामबाण उपाय नव्हे. तरीही फरक पडला तो बिऱ्हाड एका नाकापुरतं न मानता घरभर शोधल्यामुळे.

म्हणून तिसऱ्यांदा गळू घेऊन आलेल्या माणसाला आणखी एक गोळी देण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: घरात आणखी कुणाला गळवं होतात का, आणि तुमचा टॉवेल, तुमचा वस्तरा आणखी कोण वापरतं? या प्रश्नांना दोन मिनिटंही लागत नाहीत. ऑग्स्टन यांनी जंतू दाखवला, त्याला जवळजवळ दीडशे वर्षं झाली. त्याचं घर विचारायला आता उशीर करण्याचं कारण नाही.