माळीणची खबर एसटीने आणली

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, ही खबर बाहेर कुणी आणली आठवतंय? सकाळच्या फेरीला गेलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने. त्याला रोजचं गाव जागेवर दिसेना, म्हणून जगाला कळलं. १५१ माणसं गेली. त्या दिवशी ती फेरी रद्द झाली असती तर?

सात वर्षांनी, २२ जुलै २०२१ला, महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. सावित्रीला पूर, रस्ते बंद, फोन लागेना. बचाव पथकं पोचली दुसऱ्या दिवशी. ८०हून जास्त बळी. आम्ही पत्रकार अशा वेळी 'संपर्क तुटला' एवढं लिहून मोकळे होतो. त्या दोन शब्दांत केवढी रात्र असते, ते तिथल्यालाच ठाऊक.

ड्रोन तोवर आले नव्हते असं नाही. २०१३च्या उत्तराखंडच्या प्रलयात एनडीआरएफने 'नेत्र' वापरलं होतं. मुंबई आयआयटीतून शिकलेल्या पोरांच्या आयडियाफोर्ज कंपनीने डीआरडीओच्या साथीने बनवलेलं, म्हणजे आपल्याकडचंच. पण नावाप्रमाणे तो नुसता डोळा. अडकलेला माणूस वरून दिसायचा, त्याला बोलता यायचं नाही.

बोलण्याची सोय झाली २०१७ मध्ये, पोर्टो रिकोत. मारिया चक्रीवादळाने तिथले १०० पैकी ९५ मोबाईल टॉवर बंद पाडले. तेव्हा एटी अँड टी कंपनीने छोट्या हेलिकॉप्टरसारखं ड्रोन सुमारे २०० फुटांवर उभं ठेवलं. ड्रोनला खालून एक वायर बांधलेली. वीज त्यातूनच, त्यामुळे दर अर्ध्या तासाला बॅटरी बदलायला उतरवायची कटकट नाही. पुढची जोडणी उपग्रहाने. थोडक्यात, उडता टॉवर! लोकांच्या हातातल्या साध्या फोनवरून बोलणं, मेसेज सुरू झाले.

आता कुणी म्हणेल, सह्याद्रीतल्या जुलैच्या वाऱ्या-पावसात हे टिकेल का? भर वादळात नाहीच टिकणार. पण पाऊस दोन तास उघडला तरी किती निरोप जातील, विचार करा.

आपल्या तालुक्याचा आपत्ती आराखडा मी परवा चाळला. बोटी आहेत, जेसीबी आहेत, शेवटी चार पानं नुसते मोबाईल नंबर. टॉवर पडल्यावर ते लावायचे कशावरून? येत्या आमसभेत मी हेच विचारणार आहे. तुमच्या वाडीत पावसाळ्यात किती दिवस रेंज जाते, ते खाली लिहा. यादी सोबत नेतो.