वहीपासून टॅबपर्यंत : नंदुरबार जिल्ह्यातील आरोग्यसेविकांच्या नोंदींचा इतिहास

पश्चिम खानदेशच्या जुन्या दप्तरांत एखाद्या मुलाच्या जन्माचा शोध घ्यावयाचा झाल्यास अभ्यासकाला प्रथम कोतवाल बुकाकडे, म्हणजे गावनमुना १४ कडे, वळावे लागते. जन्माची तारीख, बापाचे नाव, जात, मूल मुलगा की मुलगी, एवढा मजकूर त्यात सापडतो. ज्या सुईणीने ते मूल हातात घेतले तिचे नाव मात्र तेथे नसते. लिहिणारा गावकामगार होता; प्रसूती पाहिलेली बाई लिहिणारी नव्हती. जन्माची माहिती एकीजवळ आणि लेखणी दुसऱ्याजवळ अशी ही वाटणी होती. याच कोतवाल बुकाची नक्कल आज जातीच्या दाखल्यासाठी शोधली जाते. मोजणीसाठी केलेली नोंद पुढे माणसाच्या हक्काचा पुरावा ठरते, हा अनुभव या प्रदेशाला नवा नाही आणि पुढील विवेचनात तो पुन्हा भेटणार आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या १६,४८,२९५ भरली आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. तापीकाठची सपाटी सोडून सातपुड्यात शिरले की गाव या शब्दाचा अर्थच बदलतो. अक्राणी व अक्कलकुव्यातील एक गाव म्हणजे निरनिराळ्या टेकड्यांवर विखुरलेले अनेक पाडे. उत्तर सीमेवर नर्मदा आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने तिच्या काठचा मुलूख बदलून टाकला आणि महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. काही पाड्यांपर्यंत आरोग्यपथकाला नावेनेच जावे लागते. या भूमीवर परिचारिकेने काय लिहिले, कोणासाठी लिहिले आणि लेखणीच्या जागी टॅब आल्यावर त्यात काय पालटले, हा येथे विचाराचा विषय आहे.

लिहिणारी प्रसाविका ही कायद्याने घडविलेली व्यक्ती होय. मुंबई इलाख्यात परिचारिका, प्रसाविका व आरोग्यभेटकार यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला; १९५४ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि १९६६ मध्ये महाराष्ट्राचा स्वतंत्र परिचारिका अधिनियम आला. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. साहाय्यकारी परिचारिका-प्रसाविका, म्हणजे ए. एन. एम., हिचे शिक्षण देशात १९५१ पासून सुरू झाले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा ग्रामीण आरोग्याचा बराचसा भार त्यांच्याकडे गेला. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने निरनिराळ्या रोगांसाठी नेमलेल्या स्वतंत्र कर्मचाऱ्यांऐवजी बहुउद्देशीय कार्यकर्ते असावेत अशी शिफारस केली. परिणामी जी बाई बाळंतपणासाठी शिकली होती तिच्याकडे लसी, हिवताप, कुटुंबनियोजन आणि त्या प्रत्येकाची वही आली. आदिवासी व डोंगरी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र हे प्रमाण पुढे ठरले. सपाटीवर ते पाच हजारांचे असल्याने कागदावर डोंगराला झुकते माप मिळाले खरे. परंतु तीन हजार माणसे जेथे एका हाकेच्या अंतरात राहत नाहीत तेथे या आकड्याने सेविकेची पायपीट मोजता येत नाही.

वही ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हे. योग्य जोडप्यांची, गरोदर मातांची, लसीकरणाची, जन्म-मृत्यूची अशा तिच्या अनेक शाखा. गरोदर मातेच्या ओळीत शेवटच्या पाळीची तारीख भरली की तीत नऊ महिने सात दिवस मिळवून प्रसूतीची अपेक्षित तारीख निघते. त्या तारखेवरून पुढच्या तपासण्या, धनुर्वाताचे टोचणे, लोहाच्या गोळ्या यांचा क्रम लागतो. महिन्याच्या आरंभी सेविका निरनिराळ्या वह्यांतून नावे वेचून एक यादी करते : कोणत्या पाड्यावर कोणाची कोणती तपासणी राहिली. तिला त्या वर्तुळात ‘ड्यू लिस्ट’ म्हणतात. वहीचे खरे प्रयोजन ही यादी होय. मागील भेटीची स्मृती पुढील भेटीच्या कामी आणणे, जोखमीच्या बाईचे नाव गर्दीत हरवू न देणे, हे त्या शाईने होत असे. पुढे संगणकाने ज्याला माहितीव्यवस्था म्हटले तिचा गाभा या हाताने केलेल्या यादीत आधीच होता.

तथापि वहीला दुसरा धनीही होता. दर महिन्याला तिच्यातील बेरजा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, तेथून तालुक्याला व जिल्ह्याला जात. एप्रिल १९९६ मध्ये कुटुंबनियोजनाच्या साधनवार उद्दिष्टांची पद्धत देशभर रद्द होईपर्यंत या बेरजांवरच कर्मचाऱ्याचे मूल्यमापन होत असे. ज्या आकड्यावर शाबासकी वा ठपका अवलंबून असतो तो आकडा निर्मळ राहणे कठीण असते. ही गोष्ट मानवी स्वभावाची आहे, सेविकांच्या सचोटीची नव्हे. उद्दिष्टे गेली, पण वर जाणारा आकडा हाच खरा आणि खाली राहणारी यादी ही खाजगी, ही कार्यालयीन दृष्टी मागे राहिली. नव्या यंत्रांनी तिचा वारसा घेतला.

परिचर्या आणि संख्याशास्त्र यांचे नाते जगात जुने आहे. क्रिमियन युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सैनिकांच्या मृत्यूंची कारणे आकृतींनी दाखवून दिली आणि १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्रीय सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९८० च्या सुमारास परिचर्या-माहितीशास्त्र हे नाव पाश्चात्त्य देशांत रूढ होऊ लागले आणि १९९२ मध्ये अमेरिकन परिचारिका संघटनेने त्यास स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली. मात्र त्या शास्त्रापुढील परिचारिका मुख्यतः रुग्णालयात, खाटेशेजारी उभी होती. तिचा रुग्ण जागेवर असे. सातपुड्यातील सेविकेचा प्रश्न याच्या नेमका उलट आहे : येथे नोंद जागेवर असते आणि बाई चालती असते.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले. २००८ मध्ये मासिक आकडे भरण्याचे संकेतस्थळ आले. ही जुन्या मासिक अहवालाचीच विद्युत् आवृत्ती होती. खरा पालट डिसेंबर २००९ मधील माता व बालक मागोवा प्रणालीने, म्हणजे एम. सी. टी. एस. ने झाला, कारण तिने बेरजेऐवजी नाव मागितले. प्रत्येक गरोदर मातेला क्रमांक मिळावा आणि ती कोठेही गेली तरी त्या क्रमांकाने तिचा माग लागावा अशी ही कल्पना. शेजारच्या गुजरातने जानेवारी २०१० मध्ये ‘ई-ममता’ ही आपली व्यवस्था उभी केली. प्रारंभी सेविका वहीत लिही आणि केंद्रावरचा संगणकचालक ती नोंद उतरवून घेई; जन्म पाहणारी व लिहिणारा यांची जुनी फारकत अशा रीतीने क्षणभर परत आली. पुढे माता व बालआरोग्याचे नवे आर. सी. एच. दालन आणि एकत्रित नोंदवही आली. एप्रिल २०१६ मध्ये आंध्र प्रदेशात ‘अनमोल’ या उपयोजनाचा आरंभ झाला व ते हळूहळू इतर राज्यांत पसरले. त्याने टॅब थेट सेविकेच्या हाती दिला. जाळे नसतानाही माहिती भरून ठेवता यावी व जाळे लाभताच ती पुढे जावी, अशी सोय त्यात आहे. डोंगरी भागासाठी ही सोय म्हणजे उपकार नव्हे, किमान अट होय.

आता पडद्यावरचे रकाने आणि पाड्यावरचे जीवन यांची गाठ कशी पडते ते पाहण्याजोगे आहे. पहिला रकाना शेवटच्या पाळीच्या तारखेचा. सातपुड्यातील पावरा वा भिल्ल स्त्री काळ मोजते तो सण, पेरणी, बाजार यांवरून. ‘भोंगऱ्या बाजारानंतर’ किंवा ‘होळीच्या आधी’ असे उत्तर येते. होळीही सर्वत्र एका दिवशी पेटत नाही. काठीची होळी ज्या दिवशी, त्याच दिवशी दुसऱ्या गावची असेल असे नाही. तेव्हा कोणत्या गावची होळी, त्या वेळी चंद्र केवढा होता, पोटातले मूल कधी हलू लागले, हे विचारत सेविका एका दिनांकापर्यंत पोचते. पडदा तो दिनांक निःशंकपणे स्वीकारतो. त्यामागे किती तर्क व किती अंदाज आहे याला तेथे जागा नाही. तारीख लिहा, नाही तर पुढचा रकाना उघडत नाही. लोकांच्या कालगणनेचे दिनदर्शिकेत रूपांतर करण्याचे हे काम हिशेबनिसाचे नव्हे, ते दुभाष्याचे आहे, आणि ते करणारीला त्याबद्दल कोणी माहितीशास्त्रज्ञ म्हणत नाही.

दुसरा रकाना नावाचा. वसावे, वळवी, पाडवी, तडवी, पावरा अशी मोजकी आडनावे शेकडो घरांत वाटलेली आहेत. केवळ नावाने शोधू जाता एकाच नावाच्या अनेक स्त्रिया समोर येतात. त्यात नंदुरबारचा वसावे सीमेपलीकडे वसावा होतो. हा उच्चाराचा क्षुल्लक भेद बोलताना कोणाला अडवीत नाही, परंतु यंत्राला ती दोन निराळी माणसे वाटतात.

आणि सीमा ओलांडणे हा येथे अपवाद नव्हे, ऋतुक्रम आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी व इतर मजुरीसाठी दक्षिण गुजरातेत, सुरत-बारडोलीकडे उतरतात. कित्येक होळीला परततात, कित्येक हंगाम संपेपर्यंत राहतात. बाई आश्विनात उपकेंद्रात नोंदली जाते, तिचे रक्त कमी असल्याचे दिसते, वहीत तांबडी खूण होते आणि सहाव्या-सातव्या महिन्यात ती उसाच्या फडाशेजारच्या झोपडीत असते. फडाजवळच्या गुजराती सेविकेपुढे ती नवी गरोदर बाई म्हणून उभी राहते, उभी राहिलीच तर. मागोवा प्रणालीचे वचन नेमके या बाईसाठी होते. पण दोन राज्यांची दालने वेगळी, आडनावाचे लेखन वेगळे, आणि दूरध्वनीचा क्रमांक दिलेला असला तर तो पुष्कळदा शेजाऱ्याचा. अशा वेळी जे उपयोगी पडते ते म्हणजे बाईजवळचे माता-बालसंरक्षण कार्ड, ते तिने गाठोड्यात जपून नेले असेल तर. गावच्या सेविकेला मात्र तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लिहून थांबावे लागते. रक्तक्षय असलेल्या मातेला प्रसूतीत होणारा रक्तस्राव किती घातक ठरतो हे सुविदित आहे. म्हणूनच ‘स्थलांतरित’ हा एक शब्द सर्व नोंदीतील सर्वांत धोक्याचा म्हटला पाहिजे.

टॅब आला म्हणून वही गेली नाही. तपासणी आली की कागदी नोंद मागितली जाते, आढावा आला की दालनावरील. एकच मजकूर दोन-तीन ठिकाणी लिहिण्याची तक्रार राज्यातील सेविकांकडून वारंवार झाली आहे. क्षयरोगासाठी ‘निक्षय’ २०१२ पासून, अंगणवाडीसाठी ‘पोषण ट्रॅकर’ २०२१ पासून, असंसर्गजन्य रोगांसाठी आणखी निराळे उपयोजन. अभियंत्याने प्रत्येक दालन स्वतंत्रपणे रचले. ती सर्व दालने भरणारी बाई मात्र बहुधा एकच.

२०२१ च्या लसीकरणात या व्यवस्थेची कसोटी लागली. १६ जानेवारीस ‘कोविन’ दालनासह मोहीम सुरू झाली. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाला आधी जालावर नाव नोंदविणे आवश्यक केले गेले, आणि ज्या टेकड्यांवर जाळेच नाही तेथील तरुणांना हा नियम म्हणजे बंद दार ठरला. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीस मुभा मिळाली. नर्मदाकाठच्या पाड्यांवर पथके नावेने गेली. लस आधी टोचली जाई, नोंद जाळ्यात आल्यावर चढे. म्हणजे दालनाने वहीची रीत पत्करली, वहीने दालनाची नव्हे.

क्रमांकांच्या इतिहासात या जिल्ह्याचे स्थान अनपेक्षितपणे मोठे आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत दिले गेले. त्यानंतरच्या काळात मातेची नोंद, तिचे आधार व तिचे बँकखाते यांची साखळी जुळली. २००५ ची जननी सुरक्षा योजना आणि पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये देणारी २०१७ ची प्रधानमंत्री मातृवंदना योजना यांचे पैसे या साखळीतून येतात. सेविकेने नाव चढविताना एक अक्षर चुकले तर मजुरी बुडवून विश्रांती घेणे जिला परवडत नाही तिचे पैसे अडतात. कोतवाल बुकाची गोष्ट येथे पुन्हा घडते. फरक इतकाच की नक्कल शोधण्यास वंशजांनी येण्याची वाट पाहावी लागत नाही, अडचण त्याच वर्षी दारात येते आणि जाब सेविकेला विचारला जातो.

भारतीय परिचर्या परिषदेने बी. एस्सी. परिचर्येच्या सुधारित अभ्यासक्रमात माहितीशास्त्र व तंत्रज्ञान हा विषय घातला असून ते नियम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. रकाने कोणते असावेत हे ठरविताना पदवीधर परिचारिकेचा शब्द त्यामुळे ऐकला जाईल अशी अपेक्षा करता येते. उपकेंद्रातील प्रसाविकेपाशी मात्र टॅब आला तो रकाने ठरून झाल्यावरच. तारखेपुढे ‘अंदाजे’ लिहिण्याची एक चौकट, आडनावाचे दोन उच्चार जोडण्याची एक सोय, ऊसतोडीच्या गावाचे नाव विचारणारी एक ओळ : या मागण्या लहान आहेत आणि कोणत्याही वहीच्या समासात त्यांना जागा मिळाली असती. गरोदर मातांना दूरध्वनीवरून आरोग्यसंदेश ऐकविणारी ‘किलकारी’ सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात मराठीतून सुरू झाली. अक्राणीच्या वरच्या पाड्यांवर घरची भाषा पावरी वा भिली आहे. तेथे तो संदेश समजावून सांगण्याचे काम सेविका व आशा यांच्याकडेच राहते, आणि त्या कामाला कोणत्याही दालनात रकाना नाही.