लष्करातून टेकडीवर

पुण्यात झाडांची कामं घेणारा माणूस जुनी फोर बाय फोर शोधू लागला, की हात आखडता असेल असंच धरून चालतात. मला हे कारण अपुरं वाटतं. चारही चाकांना ताकद देणारी गाडी आपल्याकडे रुजली ती लष्करामुळे. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. त्याच घराण्यातली जीप महिंद्रांनी १९४९मध्ये माझगावला जोडली. जबलपूरला १९५९पासून शक्तिमान ट्रक आणि १९६९पासून जोंगा तयार होऊ लागली, तीही सैन्यासाठीच. सेवेतून काढलेल्या गाड्या लिलावात निघत आणि मग नागरी कामाला लागत. पुण्याच्या कारखान्यांनी मालवाहतुकीला मोठा हातभार लावला, यात शंका नाही. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर होती, टेल्कोची ४०७ १९८६मध्ये आली. पण सर्रास मिळणाऱ्या त्या गाड्यांची ओढ दोनच चाकांवर. ओझं घेऊन कच्च्या चढावर जायचं, तर वापरलेल्या लष्करी वाणाकडेच वळावं लागे.

यावर रास्त आक्षेप असा, की शहरातली झाडं डांबरी रस्त्याकडेला असतात, तिथे टेम्पो पुरतो. पुरतोच. १९७५च्या झाडांच्या कायद्यानुसार परवानगी काढून पर्जन्यवृक्षाची फांदी उतरवायची, तर फोर बाय फोरचा खर्च वायाच. पण वेताळ टेकडी, तळजाई इथली गोष्ट वेगळी. बेसॉल्टवर मातीचा पातळ थर, पावसात निसरडा आणि उन्हाळ्यात रोपांना पाणी न पोचवल्यास कोरडा ठणठणीत. इथे हिशेब वजनाचा आहे. हजार लिटर पाणी म्हणजे टाकी सोडून एक टन, आणि मूळ जीप पाव टन वर्गातली. म्हणून नुसतं ‘फोर बाय फोर’ पाहून गाडी घेणारा फसतो. टेकडीवर पाणी न्यायला ट्रकच्या जातीची चेसिस लागते. त्याहून गंभीर आक्षेप झाडांच्या बाजूचा आहे: जड चाकांखाली माती दबते, मुळांना हवा मिळत नाही. तो मान्य करूनच गाडी जुन्या वाटेवर उभी करावी आणि पुढचं पाणी नळीने सोडावं.

जुन्या यंत्राचा भरवसा काय, हेही विचारलं जातं. या गाड्या साध्या आहेत, हेच त्यांचं बळ. इगतपुरीच्या कारखान्यात बनलेलं प्यूजो डिझेल इंजिन महिंद्रांच्या जीपांत आलं आणि कित्येक पेट्रोल जीपांनाही पुढे डिझेल बसलं. खरी परीक्षा गाडीखाली वाकून होते: पाट्यांच्या हँगरपाशी चेसिसला तडा किंवा नव्या वेल्डिंगची रेघ आहे का, लो गिअर टाकल्यावर पुढची चाकं खरोखर ओढतात का. रंग नवा दिसला, तर तिथे जास्तच बघावं.

आता पुरवठ्याचाच प्रश्न आहे. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते आणि ती भंगार केंद्राकडे जातात. संरक्षणाच्या खास वाहनांना सूट आहे. सरकारी खात्यांच्या जुन्या जीपा बाजारात येण्याची वाट त्यामुळे आटली. उरल्या खासगी मालकांच्या गाड्या. त्यांत इंजिनाआधी आरसी, फिटनेस आणि चेसिस नंबर जुळतात का, हे पाहावं लागतं.